प्रत माहितीसाठी आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी

शिक्केसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकच अहवाल लिहिला आणि त्या अहवालाने त्यांच्याच घरातला त्यांचा चहा बंद केला. कसा, ते सांगतो. फक्त मला घाई करू नका, कारण शिक्केसाहेबांच्या गोष्टीत घाई केली की क्रमांक चुकतात.

शिक्केसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर ते सव्वीस वर्षं बसले होते. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का हाणायचा, क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची आणि कागद पुढे ढकलायचा. शिक्का त्यांच्याइतका सरळ कुणाचाच उमटत नसे. एकदा कार्यालयाच्या छताचा पोपडा नेमका त्यांच्या टेबलावर पडला, तर त्यांनी आधी घड्याळात बघून वेळ लिहून घेतली आणि मग डोकं चाचपलं. असा माणूस.

या माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी बाहेरून पदविकेला नाव घातलं. विषय संघटनशास्त्र. म्हणजे चार माणसं एकत्र येऊन काम करतात तेव्हा कुणी कुणाचं ऐकायचं, कुणी किती करायचं आणि काम झालं नाही तर कुणाकडे बघायचं, याचं शास्त्र. बढतीच्या यादीत पदविकेला जास्तीचे गुण होते, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून ते मी सांगायला हरकत नाही. सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखालून दुसऱ्यांचे कागद गेले. एकदा तरी आपल्या नावाचा कागद असावा आणि त्यावर दुसऱ्या कुणीतरी शिक्का मारावा, एवढीच त्यांची हौस होती.

पुस्तक आलं. बारा प्रकरणं. साहेबांनी त्याला खाकी कव्हर घातलं, आवक क्रमांक एक दिला आणि जेवणानंतर मोठ्याने वाचायला बसले. घरात ऐकायला दोघीच. कॉलेजात जाणारी कन्या, आणि वहिनी. वहिनी म्हणजे त्यांची पत्नी, एका मोठ्या रुग्णालयाच्या कपडाखोलीत एकोणीस वर्षं नोकरीला. रुग्णालयातली प्रत्येक चादर धुऊन, वाळून त्यांच्या टेबलावर यायची आणि घडी होऊन वॉर्डात जायची. दिवसाला चारशे चादरी. त्यामुळे घरी मात्र त्या एकाही चादरीला घडी घालत नसत. घरातल्या धुतलेल्या चादरी खिडकीजवळच्या खुर्चीवर ढीग होऊन पडायच्या, आणि लागेल तशी ओढून घ्यायची हा घरचा नियम.

साहेबांना तो ढीग डोळ्यांत खुपायचा. पहिलं प्रकरण वाचून झाल्यावर ते ढिगाकडे बोट करून म्हणाले, "बघ, हे नियोजनाच्या अभावाचं उत्तम उदाहरण आहे."

"मग घाला की घडी," वहिनी म्हणाल्या.

"मी तत्त्व सांगतोय."

"तत्त्वाला दोन हात असतील तर बोलवा त्याला."

सातवं प्रकरण साहेबांनी ऑप्शनला टाकलं. त्याचं नाव 'अनौपचारिक संघटना'. कामाच्या जागी माणसं एकमेकांशी काय बोलतात, कुणाचं कुणाशी जमतं, असलं काहीतरी त्यात होतं. झेरॉक्सच्या दुकानात जुन्या प्रश्नपत्रिका मिळायच्या, त्यात पाच वर्षांत सातव्यावर एकही प्रश्न नव्हता. साहेबांनी त्या पानांना रबरबँड लावला आणि सहावरून थेट आठवर गेले. हा रबरबँड लक्षात ठेवा.

शेवटचा पेपर म्हणजे प्रकल्प. 'एका प्रत्यक्ष संघटनेचा अभ्यास करून शिफारशींसह अहवाल सादर करा, किमान तीस पाने.' साहेबांनी साहजिकच स्वतःच्या कार्यालयाचा अभ्यास करायचं ठरवलं आणि परवानगीचा अर्ज लिहिला. अर्ज आवक-जावकला द्यायचा असतो, म्हणून तो त्यांनी स्वतःलाच दिला. स्वतःच शिक्का मारला, पोच लिहिली आणि वर पाठवला. आठ दिवसांनी तो परत आला. 'संघटनेचा अभ्यास हा विषय कोणत्या शाखेत मोडतो, याचा खुलासा व्हावा.' खुलासा गेला. पुन्हा आला. 'खुलाशासोबत मूळ अर्ज जोडलेला दिसत नाही.' जोडून पाठवला, तर 'मूळ अर्ज जोडला, खुलासा कुठे आहे' म्हणून परत. असं सहा वेळा झालं, आणि सहाही वेळा स्वतःच्याच अर्जावर शिक्का मारून त्यांचा खांदा धरला.

वरच्या मजल्यावर निवृत्त बॉयलर निरीक्षक राहायचे. जन्मभर बॉयलर तपासल्यामुळे जगातली कुठलीही अडचण ते वाफ, दाब आणि झडप या तीन शब्दांत सोडवत. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "दाब कमी पडतोय तुमचा. दाब वाढवा!" साहेबांनी दाब वाढवला, म्हणजे स्मरणपत्र पाठवलं. त्यावर 'स्मरणपत्र कोणत्या पत्राच्या अनुषंगाने आहे' असा शेरा आला.

मुदतीला पाच आठवडे उरले तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, आईची कपडाखोली घ्या ना. तीपण संघटनाच आहे."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुरी थांबली.

"या की," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत कधी आला नाहीत. स्टूल देते बसायला. फक्त मध्ये बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली. कामावर जाताना, तेही कपडाखोलीत! साहेबांनी ते पाहिलं, पण कशासाठी हा प्रश्न त्यांच्या निरीक्षण-तक्त्यात नव्हता.

रुग्णालयाच्या प्रशासकबाईंनी परवानगी एका दिवसात दिली. परवानगी इतक्या लवकर मिळते याचा साहेबांना जरा संशयच आला. मग कपडाखोलीत स्टुलावर बसून त्यांनी पाच दिवस निरीक्षण केलं, कन्येच्या मोबाइलमध्ये सेकंद मोजत. खोलीत एक लांब टेबल, भिंतीला कपाटं, दारापाशी चाकांची ढकलगाडी. टेबलापाशी दोघी. एक वहिनी, उंच आणि सरळ. दुसरी मावशी, वहिनींच्या खांद्याला जेमतेम लागणारी, पंचावन्नच्या पुढची, गोलमटोल बाई. दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरायच्या, एक झटका द्यायच्या, आडवी दुमडायच्या, पुन्हा दुमडायच्या, चालत एकमेकींपाशी यायच्या, टोकं हातात द्यायच्या आणि मावशी खालची कड उचलायची. झाली घडी. आणि तोंड अखंड चालू.

साहेबांनी नोंद केली: 'प्रति चादर वेळ २२ सेकंद. घडीनंतर चादर कुरवाळणे ४ सेकंद, निष्प्रयोजन. संभाषण सतत. विषय: नऊ नंबरच्या वॉर्डातल्या आजोबांना थंडी वाजणे, बाळंतिणींच्या वॉर्डात आज तिघी येणार असल्याची बातमी, मावशीच्या नातवाचा दात. कामाशी संबंध नाही.'

मग चौतीस पानांचा अहवाल तयार झाला. आकृत्या होत्या, चौकटी होत्या, चौकटींना जोडणाऱ्या रेघा पट्टीने ओढलेल्या होत्या. मुख्य शिफारस पान एकतीसवर. भिंतीला दोन चिमटे बसवले तर चादरीची दोन टोकं भिंत धरेल आणि घडीला एकच माणूस पुरेल. 'व्यक्ती ब यांच्या सेवा अन्यत्र वापरता येतील.' व्यक्ती अ म्हणजे वहिनी, ब म्हणजे मावशी. पण खरं सांगायचं तर लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे मावशी नव्हतीच. फक्त ब होता.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती. अहवाल विद्यापीठात गेला असता, गुण पडले असते, आणि चौतीस पानं कुठल्यातरी कपाटात सुखाने पिवळी पडली असती. पण सव्वीस वर्षांची सवय! पानाच्या तळाशी सही झाली की साहेबांचा हात आपोआप खाली सरकायचा आणि पुढची ओळ लिहून मोकळा व्हायचा. तो सरकला. 'प्रत माहितीसाठी आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी: मा. प्रशासक, रुग्णालय.' आणि ओळ लिहिली म्हणजे प्रत पाठवणं आलंच. ती त्यांनी स्वतः नेऊन दिली, स्पायरल बाइंडिंग करून. खिडकीवरच्या आवक-लिपिकाने तिच्यावर धप्पकन शिक्का मारला, क्रमांक चारशे बारा. त्या आवाजाने साहेबांचा ऊर भरून आला. घरी येताना ते गुणगुणत होते म्हणतात.

प्रशासकबाई हुशार होत्या, मेहनती होत्या, फक्त स्पायरल बाइंडिंगवर त्यांचा जरा अधिक विश्वास होता. त्यांनी योग्य ती कार्यवाही केली.

पंधरा दिवसांनी वहिनी घरी आल्या, पर्स ठेवली, आणि एक कागद साहेबांपुढे टेबलावर सरकवला. "वाचा. शिक्का मारायचा असेल तर मारून घ्या."

आदेश होता. भिंतीला चिमटे बसवण्यात येत आहेत. मावशींची बदली प्रवेशद्वारावरच्या खिडकीवर, भेटायला येणाऱ्यांची नावं लिहून पास देण्याच्या कामावर, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारपासून. संदर्भ: आवक क्रमांक ४१२.

साहेबांना आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या कागदाचा संदर्भ दुसऱ्याच्या कागदावर! ते म्हणाले, "अगं, हे तर चांगलंच आहे. बसून काम. या वयात बरं पडेल मावशींना."

"मावशीला दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. माणूस दिसतो, दार दिसतं. अक्षर दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, याच्या पुढे बिघडणार नाही, पण सुधारणारही नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तिची. डाग मी बघते. विरलेलं कापड ती बोटांनी शोधते, ते मला डोळ्यांनीसुद्धा सापडत नाही. दोघींचं मिळून एक माणूस पूर्ण होत होतं, कुणाला कळत नव्हतं, कुणाचं अडत नव्हतं. आता खिडकीवर पहिल्या दिवशी पहिलं नाव लिहायला सांगतील ना, की संपलं. घरी पाठवतील."

"मला हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पाच दिवस समोर बसलात. सेकंद मोजलेत. तिचं नाव तरी विचारलंत का?"

साहेबांनी खरंच विचारलं नव्हतं.

"आणि मी मूर्ख," वहिनी म्हणाल्या, "साडी नेसून गेले. नवरा माझं काम बघायला येतोय म्हणून."

त्या दिवसापासून घरात संघटनशास्त्र लागू झालं. साहेबांनी चहा मागितला तर कन्या निर्विकार चेहऱ्याने म्हणाली, "बाबा, आदेश एकाच वरिष्ठाकडून घ्यायचे असतात. माझी वरिष्ठ आई आहे. तुम्ही तिच्यामार्फत या." आईकडे गेले तर आई म्हणाली, "श्रमविभागणी झालीय. तुमचा चहा तुमच्या खात्यात." साहेबांनी स्वतः चहा केला. चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे चव्वेचाळीस मिनिटांच्या शोधानंतर कळलं, आणि दूध उतू गेलं ते वेगळंच. ढिगातली चादर मागितली तेव्हा वहिनींनी भिंतीकडे बोट केलं. "भिंतीला सांगा. ती दोन टोकं धरते म्हणे."

वहिनी भांडल्या असत्या तर साहेबांनी सहन केलं असतं. पण त्या रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मावशीच्या नातवाच्या दाताची गोष्ट कन्येला सांगायच्या आणि मध्येच थांबायच्या, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे, तर सवयीने त्यांच्याकडे बघायच्या आणि मग तो आदेश आठवायचा म्हणून. ते थांबणं साहेबांना सहन होईना.

बॉयलर निरीक्षकांनी जिन्यात त्यांचा चेहरा पाहिला आणि विचारलं. साहेबांनी सगळं सांगितलं. निरीक्षकांनी कठड्यावर बोटं वाजवली.

"दाब वाढवू का?" साहेबांनी केविलवाणं विचारलं.

"गाढवपणा कराल," निरीक्षक म्हणाले. "झडप उघडा. चुकलो म्हणा. आणि जिथे चुकलात तिथे जाऊन म्हणा, घरी म्हणून काय उपयोग?"

साहेब दुसऱ्याच दिवशी रजा टाकून रुग्णालयाच्या आवक खिडकीवर गेले. आत त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच चष्मा कपाळावर चढवलेला लिपिक बसला होता.

"चारशे बारा नंबरचा अहवाल परत हवा होता."

"आवक झालेला कागद परत देता येत नाही," लिपिक मान वर न करता म्हणाला.

हे वाक्य साहेबांनी सव्वीस वर्षांत किती जणांना याच सुरात ऐकवलं असेल, याची मोजदाद नाही. खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"पण तो माझाच आहे हो. मीच लिहिलाय. चुकीचा लिहिलाय."

"चुकीचा असला तरी आवक बरोबर झालाय."

साहेब खिडकीला धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मीही आवक-जावकलाच आहे. सव्वीस वर्षं."

लिपिकाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेजारची खुर्ची आत ओढून दिली. "मग असं बोला ना. बसा. कागद मागे येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पण कागदावर कागद चढवता येतो. पुरवणी द्या. पुरवणी आली की बाई फाइल पुन्हा उघडतील. मात्र मूळ अहवाल पाच दिवसांच्या निरीक्षणावर आहे, तेव्हा पुरवणीही पाच दिवसांचीच लागेल. नाहीतर मीच त्रुटी काढीन."

"काढायलाच हवी," साहेब मनापासून म्हणाले.

तिसऱ्या सोमवारला आठ दिवस होते. मावशी कंबर धरल्याचं सांगून रजेवर होती. चिमटे भिंतीला लागले होते आणि वहिनी एकट्याच घड्या घालत होत्या. साहेब कपडाखोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. खोलीचा अवतार बघवत नव्हता. बोळे होऊन परत आलेल्या चादरी कोपऱ्यात पडल्या होत्या. नऊ नंबरच्या बारा खाटांना चाळीस चादरी गेल्या होत्या आणि बाळंतिणींच्या वॉर्डात एकही नव्हती, कारण आज कुणाकडे किती माणसं येणार हे वॉर्डातल्या आया येता-जाता मावशीच्या कानात सांगायच्या आणि मावशी घडी घालता-घालता वहिनींना. भिंतीच्या कानात कुणी काही सांगत नव्हतं. विरलेल्या चादरी वॉर्डात जाऊन रुग्णाने कूस बदलताच टर्रकन फाटत होत्या. आठवड्यात एकतीस.

"स्टूल तिकडे आहे," वहिनी मागे न वळता म्हणाल्या.

"स्टूल नको," साहेब म्हणाले. "टोक दे."

वहिनी वळल्या. चादरीची दोन टोकं चिमट्यांतून सोडवली आणि त्यांच्याकडे फेकली.

पहिल्या दिवशी जे झालं त्याला घडी म्हणता येणार नाही. साहेब झटका द्यायला जायचे आणि टोक हातातून सुटायचं. वहिनी डावीकडून दुमडायच्या तेव्हा हे उजवीकडून, आणि चादरीची दोरी व्हायची. ढकलगाडी न्यायला आलेली आया बघून तोंडाला पदर लावून हसली आणि थोड्या वेळाने आणखी दोघींना दाखवायला घेऊन आली. चादर एका बाजूला उतरतेय हे साहेबांच्या लक्षात आलं. वहिनी तर उंच. मग त्यांची बाजू इतकी खाली का?

"तू गुडघे का वाकवतेस?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी खाली पाहिलं. त्यांनाच माहीत नव्हतं. "मावशी बुटकी आहे ना," त्या म्हणाल्या. "सरळ उभं राहिलं तर तिला हात वर करावे लागतात. तिला कळू न देता थोडं वाकायचं. सवय झाली."

साहेबांच्या हातातलं टोक तसंच राहिलं. वहिनींचे गुडघे रोज संध्याकाळी दुखायचे. साहेब त्याला जिना कारण मानत आले होते, आणि त्यांनी एकदा तेलाची बाटली आणून तिच्यावर तारीखही घातली होती. दिवसाला चारशे वेळा, एकोणीस वर्षं. त्यांना हिशेब करवेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते चादरीच्या आड तोंड घेऊन उभे राहिले. चादर मोठी असल्याने ते जमलं.

तिसऱ्या दिवशी हात बसला. चौथ्या दिवशी 'कुरवाळणे, निष्प्रयोजन' म्हणजे काय ते कळलं. घडीवरून तळवा फिरवताना एका जागी कापड जरा सैल, जरा थंड लागलं. उजेडात धरलं तर आरपार दिसत होतं. "सापडली!" साहेब एवढ्यांदा ओरडले की बाहेरच्या रांगेतले दोघं डोकावले. वहिनी खळखळून हसल्या. चौदा दिवसांत पहिल्यांदा.

आणि बोलणं. चादर घडी करायला माणसाला माणसाच्या जवळ चालत यावं लागतं, त्याला इलाज नाही. हातात हात येईपर्यंत यायचं, टोकं द्यायची, मागे जायचं, पुन्हा यायचं. साहेबांना त्या पाच दिवसांत मावशीचं नाव कळलं, नऊ नंबरच्या आजोबांना दोन चादरी का द्यायच्या ते कळलं, आणि आपली बायको कामावर असताना किती विनोदी बोलते तेही कळलं. घरी आल्यावर त्यांनी पुस्तकाच्या सातव्या प्रकरणाचा रबरबँड काढला. सगळं त्यात लिहिलेलं होतं. छापील.

पुरवणी अकरा पानांची झाली. मथळा: 'संशोधकाच्या चुका.' मावशीच्या डोळ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. फक्त एवढंच होतं: 'या कामात एक व्यक्ती कापड पाहते व दुसरी चाचपते. दोहोंपैकी एक वगळल्यास दोष सुटतात. भिंत पाहत नाही, चाचपत नाही, आणि तिला कुणी काही सांगत नाही.' सोबत एकतीस फाटक्या चादरींचा तक्ता.

प्रशासकबाईंनी ती वाचली. "पण तुम्हीच लिहिलं होतंत की संभाषणाचा कामाशी संबंध नाही."

"सातवं प्रकरण न वाचता लिहिलं," साहेब म्हणाले.

"मग तसं लिहून द्या. मला फाइलला कारण लागेल."

साहेबांची कानशिलं तापली. आयुष्यातला एकुलता एक कागद, आणि त्याच्यावर आपल्याच हाताने काट मारायची. पण त्यांनी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर संशोधकाने प्रकरण सात वाचलेले नव्हते.' सही केली. सहीखाली हात सरकला तो सरकलाच. 'प्रत माहितीसाठी: विद्यापीठ.'

खिडकीवरच्या लिपिकाने शिक्का मारला, क्रमांक चारशे एकोणचाळीस. सरळ उमटला होता. साहेबांनी मान डोलावली, लिपिकानेही डोलावली.

शुक्रवारी आदेश रद्द झाला. सोमवारी मावशी कंबर एकदम बरी होऊन कपडाखोलीत हजर झाली. तिने टेबलावरून हात फिरवला, कपाटावरून फिरवला, आणि भिंतीवरचे चिमटे चाचपून विचारलं, "हे काय गं?" वहिनी म्हणाल्या, "आमचे साहेब. ओल्या हातरुमालांसाठी ठेवलेत." साहेब विसरलेलं पेन परत घ्यायच्या निमित्ताने दारात आले होते. आपली जागा भरली गेलेली त्यांनी पाहिली. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

निकाल महिन्याने आला. परीक्षकाचा शेरा लांबलचक होता. मूळ अहवालाला चौऱ्याहत्तर गुण दिले होते, पण पुरवणी वाचल्यावर ते देणं योग्य वाटत नाही, सबब अनुत्तीर्ण, प्रकल्प पुन्हा सादर करावा. आणि शेवटी: 'प्रकरण सातची समज उत्तम आहे. मात्र त्यावर यंदाही प्रश्न नव्हता.'

साहेबांनी पत्रावर तारीख घातली आणि ते वहिनींपुढे ठेवलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं.

"नापास झालात," त्या म्हणाल्या.

"झालो."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. मला खाली प्रत लिहायची सवय आहे."

वहिनी उठल्या, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेल्या आणि ढिगातली वरची चादर ओढली. निळ्या पट्ट्यांची, रोजची. या घरात आजवर तिला कधी घडी पडली नव्हती. दोन टोकं त्यांनी स्वतःच्या हातात धरली, उरलेली दोन साहेबांकडे टाकली आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

साहेबांनी टोकं उचलली. झटका दिला, दुमडली, पुन्हा दुमडली, आणि चालत निघाले. साहेब वहिनींपेक्षा चार बोटं उंच. जवळ येता येता त्यांनी गुडघे जरा वाकवले.

वहिनींचं लक्ष लगेच गेलं. पण त्यांनी टोकं हातात घेतली, घडीवरून तळवा फिरवला, आणि मग म्हणाल्या, "संध्याकाळी दुखतील हं."

"दुखू देत," साहेब म्हणाले, आणि ढिगातली पुढची चादर घेतली.